बायोकेमिस्ट्रीच्या मुलांच्या हातात खरं काम द्या

प्रति,
नागपूर आणि विदर्भातल्या विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य, बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख, प्राध्यापक आणि अभ्यासमंडळांचे सदस्य यांस

सन्माननीय सर आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळते. माझं शिक्षण इथलंच, बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत. दरवर्षी निकाल लागले की नव्या मुलामुलींचे अर्ज येतात आणि मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे असतं. गोंदिया, देसाईगंज, उमरेड, वरुड, हिंगणघाट अशा ठिकाणांहून आलेली, इथे खोली करून राहिलेली ही मुलं. गुण चांगले, वागणं नम्र, शिकायची तयारी भरपूर. तरीही त्यांतल्या बहुतेकांना कामावर घेता येत नाही. याचं कारण मुलांमध्ये नाही, आपण त्यांना ज्या पद्धतीने शिकवतो त्यात आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हे पत्र.

मुलाखतीत मी ग्लायकोलिसिस विचारते. मुलं दहाही पायऱ्या न अडखळता सांगतात, एन्झाइमच्या नावांसकट, एटीपी कुठे खर्च होतो आणि कुठे मिळतो त्यासकट. मग मी टेबलावर राखाडी झाकणाची नळी ठेवते आणि विचारते, की साखर तपासायचं रक्त याच नळीत का घ्यायचं? इथे बहुतेक जण थांबतात. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं आणि ते ग्लायकोलिसिसच्या नवव्या पायरीवरचं एनोलेज हे एन्झाइम अडवतं. म्हणजे उत्तर त्यांनी आत्ताच तोंडपाठ म्हणून दाखवलेल्या यादीतच असतं. रक्त नळीत काढल्यावरही तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, हे त्यांना कुणी नळी हातात देऊन सांगितलेलं नसतं.

आणि हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. साध्या नळीतलं, सीरम वेगळं न केलेलं रक्त नेहमीच्या तापमानाला ठेवलं तर त्यातली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कुही, भिवापूरकडच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त मोटरसायकलवरच्या पिशवीतून दुपारी शहरात पोहोचतं. उपाशीपोटीची १३० साखर तीन तासांनी ११०च्या आसपास दिसू शकते. मधुमेहाची रेषा १२६ला आहे. म्हणजे यंत्र अगदी बरोबर चाललेलं असताना, रिएजंट ताजं असताना, एक मधुमेही माणूस ‘अजून मधुमेह नाही’ असा कागद घेऊन घरी जातो. बरं, फ्लोराइडची नळी वापरली तरी पहिला तास-दीड तास साखर थोडी घटतेच, कारण एनोलेज अडलं तरी त्याच्या आधीची एन्झाइमं काही काळ चालू राहतात. दहा पायऱ्या ज्याला खरोखर समजल्या आहेत, त्याला हेही आपोआप सुचायला हवं.

आमच्या कामाचा गाभा एवढाच आहे. यंत्र आकडा देतं. तो आकडा बाहेर जाऊ द्यायचा की थांबवायचा, हे माणसाने ठरवायचं असतं. पोटॅशियम ७ आलं, तर रुग्णाला खरंच धोका आहे, की रक्त काढताना पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं? पोटॅशियम वाढलेलं आणि त्याच नमुन्यात कॅल्शियम एकदम खाली, तर कुणी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या, पोटॅशियम असलेल्या आणि कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त साध्या नळीत तर ओतलं नाही ना? अशी शंका घेता येणं ही आमच्या पेशातली खरी पात्रता आहे. ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घडवता येते. आज ती तिथे घडत नाही.

प्रॅक्टिकल कसं चालतं ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी मुलं मला जे सांगतात ते लिहिते. बॅचमध्ये वीस-पंचवीस जण आणि चालू स्थितीतला कलरीमीटर एक. एक जण पिपेट धरतो, एक जण ओडी, म्हणजे प्रकाशाचं शोषण, वाचतो, बाकीचे लिहून घेतात. डीएनएसएने साखर, बाययुरेटने प्रोटीन, लाळेतलं अमायलेज, तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, बेनेडिक्ट, बारफोड, सेलिवॅनॉफ. यादी वाईट नाही. माझा आक्षेप यादीवर नाही, जर्नलवर आहे. आलेखावरचे बिंदू सरळ रेषेत यायलाच हवेत असा अलिखित नियम असतो. एखाद्या गटाची रेषा वरच्या टोकाला वाकली, तर ते रीडिंग खोडून मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं रीडिंग लिहिलं जातं आणि त्यावर ‘सर्टिफाइड’ची सही होते.

ती वाकलेली रेषा हाच त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा धडा होता. संहती एका मर्यादेपलीकडे गेली की शोषण त्या प्रमाणात वाढत नाही, हे त्या गटातल्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येक किटला अशी मर्यादा असते. आमच्याकडे साखर ६००च्या वर आली की नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो, तो याच कारणाने. जिचं रीडिंग खोडलं गेलं, तिला ही गोष्ट पुढे नोकरीत कुणी तरी नव्याने शिकवणार, आणि तोवर ती यंत्राचा आकडा जसाच्या तसा लिहीत राहणार.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी स्वस्त आहे. सत्रातलं एक प्रॅक्टिकल असं ठेवा, की प्रत्येकाने एकच नमुना स्वतःच्या हाताने दहा वेळा मोजायचा. दहा रीडिंग, सरासरी, प्रमाण विचलन, सीव्ही (विचलन सरासरीच्या किती टक्के ते). बस. कुणाचा सीव्ही २ टक्के येईल, कुणाचा १५. गुण सीव्हीवर देऊ नका; तो का आला याच्या स्पष्टीकरणावर द्या. पिपेटच्या टोकाला थेंब राहिला होता? फुगा आला होता? ब्लँक पुन्हा लावला नाही? याच्या पुढची पायरी म्हणजे एक कंट्रोल सीरम (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा नमुना) महिनाभर रोज मोजून लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, म्हणजे रोजचे आकडे ठरलेल्या मर्यादांमध्ये आहेत का ते दाखवणारा आलेख, काढायचा. १९५० पासून प्रयोगशाळा हा चार्ट वापरताहेत आणि १९८१ मध्ये वेस्टगार्ड यांनी त्यावरचे नियम बांधून दिले. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या तपासणीला येणारे असेसर आमच्याकडे पहिल्या काही मिनिटांत जे कागद मागतात त्यांत हा चार्ट असतो. एम.एस्सी. झालेल्या मुलांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो, कधीकधी तोही नाही. मुदत संपलेली कंट्रोल सीरम आणि किट रुग्णालयं टाकून देतात. रुग्णासाठी ती चालत नाहीत, शिकायला चालतात. मागितलीत तर मिळतील. जुने सेमी ऑटो ॲनालायझरही कोपऱ्यात धूळ खात पडलेले असतात, त्यांचीही विचारणा करून पाहा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, आणि इथे मला जरा जास्त लिहायचं आहे.

जगातल्या कुठल्याही बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात सिकलसेलचं प्रकरण असतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसने दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी फरक नेमका कुठे आहे ते शोधलं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एका अमिनो आम्लाने आजार होतो, हे त्यातून कळलं. परदेशातला विद्यार्थी हे वाचतो आणि पान उलटतो. आपल्या वर्गात मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याहून आलेली मुलं बसलेली असतात, ज्यांच्या घरात, गावात हा आजार आहे. कुणाच्या भावाला दर थोड्या दिवसांनी हाडं दुखतात म्हणून मेडिकलला भरती करावं लागतं. तरी आपण हे प्रकरण इतर प्रकरणांसारखंच, फळ्यावर दोन सूत्रं काढून संपवतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. हे काम गावपातळीवर सोल्युबिलिटी टेस्टने सुरू होतं आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या पद्धतींनी पक्कं होतं. म्हणजे आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच विषयाचं, सरकारच्या अग्रक्रमावरचं काम उभं आहे आणि ते समजून करणारी माणसं हवी आहेत. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये डायथायोनाइटने ऑक्सिजन काढून घेतला की एचबीएस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. पण वाहक आणि रुग्ण, दोघांचंही द्रावण गढूळच होतं. म्हणून पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) जास्त असल्याने हीच टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. आणि अल्कधर्मी पीएचला एचबीएस हे एचबीएच्या (नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या) मागे का राहतं, याचं उत्तर ग्लुटॅमिक ॲसिडसोबत गेलेल्या ऋण भारात आहे. एकाच प्रयोगात प्रोटीनची रचना, विद्युतभार, विद्राव्यता, आनुवंशिकता आणि टेस्टची मर्यादा, सगळं येतं. विदर्भाच्या अभ्यासक्रमाला याहून चांगला प्रयोग मला तरी सुचत नाही.

याच धाग्यावर एचबीएवनसीही शिकवता येईल. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगते आणि एसएस (दोन्ही पालकांकडून एचबीएस मिळालेल्या) रुग्णाकडे एचबीए जवळजवळ नसतंच. मग तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या त्या टेस्टचा अर्थ काय लावायचा? नागपूरच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न नेहमी समोर येतो. एम.एस्सी.च्या परीक्षेत तो विचारलेला मी पाहिलेला नाही.

एक कळकळीची सूचना मात्र इथेच करते. हा प्रयोग वर्गातल्या मुलांच्याच रक्तावर करू नका. एखादी मुलगी वाहक निघाली आणि ते चारचौघांसमोर कळलं, तर आपल्याकडे त्याचे परिणाम तिच्या लग्नापर्यंत जातात. नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊन, नाव-नंबर काढून टाकलेले उरलेले नमुने रुग्णालयाकडून घ्या, किंवा तयार कंट्रोल वापरा. गोपनीयता कशी पाळायची हेही त्या निमित्ताने शिकवलं जाईल.

आता ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल, म्हणजे ओजेटीबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीला आणि पदव्युत्तरला ओजेटी आलं. ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. ज्यांनी हे आणलं त्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण इतकी मोठी जागा अभ्यासक्रमात याआधी कधी नव्हती. पण सध्या काय होतं? परीक्षा तोंडावर आली की मुलं पत्र घेऊन प्रयोगशाळांच्या दारात उभी राहतात: “मॅडम, फक्त सर्टिफिकेट पाहिजे होतं.” काही ठिकाणी ते तसंच मिळतंही. १२० तासांत एक मूल नमुना स्वीकारण्यापासून अहवालापर्यंतची पूर्ण साखळी पाहू शकतं आणि कंट्रोल स्वतः लावू शकतं. ते तास कागदावर संपवणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

रुग्णालयं मुलांना आत घ्यायला का कचरतात, याचं एक साधं कारण सांगते, कारण महाविद्यालयांना ते सहसा माहीत नसतं. रक्ताच्या नमुन्यांजवळ काम करणाऱ्याला हेपॅटायटिस बीची लस झालेली असावी लागते. तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. सहाव्या सत्रात, म्हणजे जानेवारीपासून ओजेटी असेल, तर पहिला डोस आदल्या जुलैत झाला पाहिजे. फेब्रुवारीत पत्र घेऊन आलेल्या मुलाला मी इच्छा असूनही नमुन्याला हात लावू देऊ शकत नाही. मग तो खुर्चीत बसून बघतो. पाचव्या सत्राच्या वेळापत्रकात लसीकरणाचे दोन दिवस घातले तर हा प्रश्न सुटतो.

आणि ओजेटी म्हणजे फक्त रुग्णालय नव्हे. या शहरात काय नाही? १९५८ पासून इथे नीरी आहे, पाणी आणि सांडपाण्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संस्था. धंतोलीत न्यायवैद्यक प्रयोगशाळा. बुटीबोरी आणि हिंगण्याला खाद्यपदार्थ आणि औषधांचे कारखाने. १९४२ मध्ये स्थापन झालेली, तेल आणि अन्न तंत्रज्ञान शिकवणारी एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था). मिहानमध्ये एम्स. यांतल्या प्रत्येक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीच्या मुलाला काही ना काही काम आहे. एकेकट्या मुलाने अर्ज केला तर उत्तर येत नाही. पाच-सहा महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक समन्वयक नेमला आणि वर्षाच्या सुरुवातीला संस्थांशी लेखी करार केले, तर चित्र वेगळं दिसेल.

करिअरच्या माहितीबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. ‘बायोकेमिस्ट्रीला खूप स्कोप आहे’ हे वाक्य प्रवेशाच्या वेळी पालकांना सांगितलं जातं. स्कोप आहेच, पण दारं वेगवेगळी आहेत, आणि कुठल्या दाराला कुठली पात्रता लागते हे पहिल्या वर्षीच, लेखी सांगितलं पाहिजे. रुग्णालयात टेक्निशियन व्हायचं असेल तर जाहिरातीत डीएमएलटी किंवा बीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी) मागतात, नुसत्या बी.एस्सी.वर अर्ज बाजूला पडतो. स्वतःची पॅथॉलॉजी लॅब काढायचं स्वप्न असेल, तर अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे, हे आधी कळायला हवं. घरची दोन एकर शेती गहाण टाकून यंत्र घ्यायला निघालेल्या बापाला हे नंतर कळणं फार वाईट.

उलट काही दारं उघडी असून कुणी तिकडे बघत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी २०११ च्या केंद्रीय नियमांत ज्या पदव्या दिल्या आहेत, त्यांत बायोकेमिस्ट्रीचं नाव आहे. फूड ॲनालिस्टसाठी बायोकेमिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी, अन्न विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा, हा मार्ग आहे. एमपीएससीच्या मागे लागलेली आपल्याच विभागाची मुलं राज्यसेवेचा इतिहास-भूगोल वाचत असतात आणि स्वतःच्या पदवीचं नाव असलेली जागा त्यांना माहीत नसते.

संशोधनाकडे जाणाऱ्यांचंही तसंच. सीएसआयआर नेटमध्ये (संशोधन शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत) बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपर नाही, लाइफ सायन्सेसचा आहे, तेरा घटकांचा. त्यात परिसंस्था आहे, उत्क्रांती आहे, वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र आहे. गेट या परीक्षेच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरला रसायनशास्त्र सक्तीचं, सोबत दोन विषय निवडायचे. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरला गणित आणि भौतिकशास्त्रही येतं. अकरावीलाच गणित सोडलेल्या मुलाला हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. नेटच्या २०० गुणांपैकी १०० गुण पार्ट सीचे आहेत आणि तिथले बरेचसे प्रश्न एखादा प्रयोग, त्याचा जेल किंवा आलेख देऊन ‘यावरून काय म्हणता येईल’ असे असतात. म्हणजे वाकलेल्या रेषेवर विचार करायची सवय तिथेही लागतेच. क्लासच्या नोट्स पाठ करून पार्ट बीपर्यंत पोहोचलेली आणि सीमध्ये अडकलेली कितीतरी मुलं मी ओळखते. त्यांनी मेहनतीत कसर ठेवलेली नसते.

आपल्या अडचणी मला दिसतात. कित्येक विभागांत कायम पदं रिकामी आहेत आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत, ज्यांना सुट्टीतला पगारही मिळत नाही. रिएजंटच्या अनुदानात एका सत्राचं डीएनएसए जेमतेम येतं. या गोष्टी विद्यापीठाने आणि शासनाने सोडवायच्या आहेत आणि त्यासाठी आपण जे निवेदन द्याल त्यावर मी आनंदाने सही करीन. पण मी वर मागितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. दहा रीडिंगला लागत नाही. खोडरबर बाजूला ठेवायला तर मुळीच नाही. प्रवेशाच्या वेळी द्यायच्या दोन पानी माहितीपत्रकालाही नाही. ते लिहून द्यायला मी तयार आहे.

माझ्याकडून एवढं करता येईल. आमच्या प्रयोगशाळेत शनिवारी दुपारी काम कमी असतं. त्या वेळी एका महाविद्यालयाच्या एका गटाला गुणवत्ता नियंत्रण प्रत्यक्ष दाखवायची परवानगी मी वरिष्ठांकडून घेतली आहे. शहरातल्या इतर प्रयोगशाळांमधल्या माझ्या काही सहकाऱ्यांनीही तयारी दाखवली आहे. सहाव्या सत्रातल्या ओजेटीसाठी किती विद्यार्थी येणार आहेत याची यादी आदल्या जूनअखेर विभागप्रमुखांच्या सहीने मिळाली, तर लसीकरणाची तारीख जुलैतच ठरवता येईल आणि सिकलसेलच्या नमुन्यांसाठी नीतिमत्ता समितीकडे अर्जही वेळेत जाईल. यादीत बाहेरगावाहून ये-जा करणाऱ्या मुलांपुढे तशी खूण करावी, म्हणजे त्यांना सकाळची पाळी देता येईल. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की त्यांची फार ओढाताण होते.

आपली विश्वासू,
नागपुरातल्या एका रुग्णालय प्रयोगशाळेतील बायोकेमिस्ट